साडेपाचची एसटी आणि सात नंबरचा बॉल

“मुली येतच नाहीत.”

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिथंच उभी होते. जिमखान्याच्या दारात, बोलणाऱ्या सरांपासून दोन हातांवर. माझ्या मागं आणखी सहा जणी. सात मुली उंबऱ्यात उभ्या आणि सर कागदावर लिहितायत की मुली येत नाहीत, सबब यंदा बास्केटबॉलचा महिला संघ पाठवता येत नाही. आम्ही त्यांना दिसत नव्हतो असं नाही. चांगल्या दिसत होतो. दिसूनही मोजायचं नाही ही कला या देशात हजारो वर्षं घोटली गेलीय. आमच्या आज्यांच्या वेळी ती पाणवठ्यावर चालायची. आता ती बास्केटबॉलच्या कोर्टावर चालते आणि तिला ‘नियोजन’ म्हणतात.

ही 2010 ची गोष्ट. आज लिहितेय कारण गेल्या महिन्यात गावाकडून माझ्या भाचीचा फोन आला. तिनं सांगितलं, “मावशे, सर म्हणतात मुली येतच नाहीत.” सर बदलले. वाक्य तेच. वाक्याला बढती मिळालीय म्हणा.

दोस्तांनो, तुमच्यातले काही आत्ताच पान उलटायच्या बेतात असतील. देशात काय चाललंय आणि ही बाई बॉल घेऊन बसलीय. गटारात उतरून आपली माणसं मरतायत, शिष्यवृत्त्या तुंबल्यात, आणि हिला रिंग दिसतेय. मलापण ते सगळं दिसतं. पण मला हेही दिसतं की आपण पाणी मागितलं, देऊळ मागितलं, शाळा मागितली, जमीन मागितली, होस्टेल मागितलं. मैदान मागितलं नाही. संध्याकाळ मागितली नाही. दिवसभर राबल्यावर माणसाच्या पोराला धावायला, उडायला, हसत पडायला जी दोन तासांची संध्याकाळ लागते ती कुणाच्या मालकीची आहे, हा प्रश्न आपल्या एकाही मोर्चाच्या फलकावर मला अजून वाचायला मिळालेला नाही.

पावस म्हटलं की मुंबईकरांना दोन गोष्टी आठवतात, स्वामी स्वरूपानंदांची समाधी आणि हापूस. रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडायचा, फणसोप, गोळप मागं टाकायचं, वीसेक किलोमीटरवर पावस. गाड्या भरभरून भक्त येतात, दर्शन घेतात, पेटी घेतात, जातात. आमची वाडी त्या रस्त्यावर नाही. बौद्धवाडी कुठल्या गावात त्या रस्त्यावर असते? गाव संपलं असं वाटलं की तिथून पुढं चालायचं, मग आम्ही लागतो. बाप बागेत, फवारणीला आणि काढणीला. आये चिरेखाणीवर. जांभ्याचा एक चिरा तीसेक किलोचा. असे चिरे वाहून वाहून आयेच्या टाळूवरचे केस कायमचे गेले. ती चिरा उचलते तेव्हा कुणी शहाणा पुढं येऊन म्हणत नाही की बाईमाणसाला हे झेपायचं नाही, गर्भाशयाला धक्का बसेल. तिच्या पोरीनं सहाशे ग्रॅमचा बॉल उचलला तेव्हा मात्र अख्ख्या स्टाफरूमला शरीरशास्त्र आठवलं.

कॉलेज पावसहून एसटीनं जायच्या अंतरावरचं. नाव लिहीत नाही. लिहिलं तर भांडण त्या एका कॉलेजशी होईल आणि बाकीची सुटतील. तुम्ही कोकणातल्या, घाटावरच्या, कुठल्याही छोट्या कॉलेजात शिकला असाल तर तुमच्या कॉलेजचं नाव घाला, फिट बसेल.

कोर्ट सड्यावर होतं. नियमाप्रमाणे बास्केटबॉलचं कोर्ट 28 मीटर लांब, 15 मीटर रुंद, रिंग जमिनीपासून 3.05 मीटर. आमचं कोर्ट कातळ सपाट करायचे पैसे जिथं संपले तिथं संपलं होतं. अर्ध्यात सिमेंट, अर्ध्यात उघडा जांभा. पडलात की गुडघा सोलून निघायचा आणि तांबडं काय ते धूळ की रक्त, घरी जाऊन धुतल्यावर कळायचं. पावसाळ्यात चार महिने शेवाळ. दोन खांब, त्यातल्या एकाचीच रिंग धड. आणि हवा टिकणारा बॉल एकच, सात नंबरचा.

या सात नंबरचं सांगते, कारण खरी मेख तिथं आहे. पुरुषांचा बॉल सात नंबरचा असतो, बायकांचा सहा. सहा नंबरचा घेर इंचभर लहान, वजन थोडं कमी. हा काही दयेचा भाग नाही, हाताच्या पंजाचं माप आहे. 2004 पासून जगभर बायकांचे सामने सहा नंबरनं खेळले जातात. आमच्या कॉलेजात सहा नंबरचा बॉल कधी आलाच नाही. मागितला तर उत्तर, “बॉल तो बॉल. त्यात पण आरक्षण पायजे काय तुम्हाला?” आणि त्यावर तिथं उभी असलेली सगळी पोरं हसली. त्यात आमच्या वाडीतला पण एक होता. तोही हसला. ते हसणं मी विसरलेले नाही, त्याच्याकडं पुढं येतेच.

आता वेळापत्रक. मुलांची प्रॅक्टिस साडेचार ते साडेसहा. मुलींची? “मुलांचं झालं की.” म्हणजे साडेसहानंतर. आमच्या बाजूला जाणारी शेवटची एसटी साडेपाचला. हे गणित चौथीतलं पोर सोडवेल. जिला घरी पोचायचंय ती साडेपाचला गाडीत बसणार. जी साडेपाचला गाडीत बसली ती साडेसहाला कोर्टावर नसणार. मग सर साडेसहाला कोर्टाकडं बघणार, कोर्ट रिकामं, आणि मोठ्या प्रामाणिकपणे लिहिणार, मुली येत नाहीत. कुणी दार लावलं नाही. कुणी पाटी लावली नाही. कुणी शिवी दिली नाही. घड्याळानं काम केलं. जुन्या काळी अस्पृश्याला गावात शिरायच्या वेळा ठरलेल्या असायच्या, सावल्या लांब पडतात म्हणून संध्याकाळी बंदी. आमच्यावरही संध्याकाळचीच बंदी. नव्या पेशव्यांनी फक्त ती एसटीच्या बोर्डावर लिहिली.

आणि फी? जिमखाना फी मुलाला जेवढी तेवढीच मुलीला. माझी फी सरकारनं भरली. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत जी सक्तीची फी परत मिळते तिच्या यादीत ट्यूशन आहे, लायब्ररी आहे, आणि खेळाची फीपण आहे. म्हणजे बाबासाहेबांच्या नावानं आमच्या तीन पिढ्या भांडल्या, त्या भांडणातून आलेला पैसा माझ्या नावावर कॉलेजात जमा झाला आणि त्या पैशात दुसऱ्या कुणाचीतरी पोरं सात नंबरचा बॉल आपटत होती. मी बाहेर उभं राहून आवाज ऐकत होते. धप. धप. धप. तो आवाज आमच्या पैशाचा होता.

संघात कोण होतो आम्ही? दोघी बौद्ध, तिघी कुणब्यांच्या, एक दालदी मुसलमान, एक भंडाऱ्याची. यातली एकही कुणाची ‘खेळाडू घराण्यातली’ नव्हती. मला एकदा बाजूला घेऊन सल्ला मिळाला, “तू कबड्डीत जा. तुमच्या लोकांत ताकद असते. बास्केटबॉलला डोकं लागतं.” कबड्डीला मी नावं ठेवणार नाही, कबड्डी माझ्या वाडीच्या मातीत खेळूनच मी मोठी झाले आणि कबड्डीला डोकं लागत नाही म्हणणारा माणूस कबड्डी कधी खेळलेला नाही. पण वाक्य बघा. अंग तुमचं, डोकं आमचं. पुरुषसूक्ताचं क्रीडा विभागासाठी काढलेलं परिपत्रकच की. पाय कुठून आले, मुख कुठून आलं, सगळं ठरलेलं.

या जिल्ह्याला तर हे वाक्य शोभतच नाही. पळवणकरांचं मूळ गाव पालवण, याच रत्नागिरीतलं. पळवणकर बाळू, चांभाराचं पोर, डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर राबता राबता गोलंदाजी शिकला. हिंदूंच्या संघानं त्याला घेतला कारण त्याच्याशिवाय इंग्रज हरत नव्हते. मैदानावर बॉल त्याच्या हातून घ्यायचे, तिथं विटाळ नाही. चहाची वेळ झाली की याला पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर विकेट काढल्या. कप्तान? कधीच नाही. ते त्याचा भाऊ विठ्ठल 1923 साली झाला, तेही भावांनी आधी संघावर बहिष्कार घालून भांडण केल्यावर. बाळूचं पुढचं राजकारण आपल्याला पटणारं नाही, 1937 ला तो काँग्रेसच्या तिकिटावर थेट बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला आणि पडला. पण म्हणून त्याच्या मातीच्या भांड्याचं उत्तर द्यायचं राहतं असं थोडंच आहे? डोकं नसलेल्यानं इंग्लंडमध्ये शंभरावर डोकी उडवली होती.

बास्केटबॉलचाच जन्म घ्या. 1891 चा डिसेंबर, अमेरिकेत स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ नावाच्या मास्तरानं थंडीत पोरांना खेळवायला दोन पीचच्या टोपल्या दहा फुटांवर ठोकल्या, तेरा नियम लिहिले. काही महिन्यांत सेंडा बेरेन्सन नावाच्या बाईनं स्मिथ कॉलेजातल्या मुलींना तो शिकवला. आणि लगेच घाबरली. कोर्टाचे तीन भाग केले, जिची जागा जिथं तिनं तिथंच राहायचं, रेघ ओलांडायची नाही, हातातला बॉल हिसकवायचा नाही. धावल्यानं मुलींना त्रास होईल म्हणून. 1896 साली स्टॅनफर्ड आणि बर्कली यांच्यात मुलींचा पहिला आंतरकॉलेज सामना झाला तेव्हा पुरुषांना आत येऊ दिलं नाही. स्टॅनफर्ड दोन विरुद्ध एक असं जिंकलं. आयोवा राज्यात शाळांच्या मुलींना अर्ध्याच कोर्टात खेळवायची पद्धत 1993 पर्यंत चालली. शंभर वर्षं! हे वाचलं तेव्हा मला आमच्या कोर्टाची उघड्या जांभ्याची बाजू आठवली. गोरी बाई असो की पावसची, रेघ तयार असते. फक्त गोरीला त्रास होऊ नये म्हणून रेघ, आणि आमच्या पायांचा विचार करायची कुणाला गरजच नाही.

त्याच नेस्मिथचा एक काळा विद्यार्थी होता, जॉन मॅक्लेंडन. कॅन्ससच्या विद्यापीठात खेळ कसा शिकवायचा ते खुद्द खेळ शोधणाऱ्याकडून शिकला, पण त्या विद्यापीठाच्या संघात त्याला खेळता येत नव्हतं. कारण रंग. तो पुढं काळ्यांच्या एका छोट्या कॉलेजचा कोच झाला आणि 1944 साली, एका रविवारी सकाळी शहर चर्चमध्ये असताना, दारं कुलूपबंद करून त्याच्या पोरांनी ड्यूकच्या गोऱ्या मेडिकल विद्यार्थ्यांशी चोरून मॅच खेळली. 88 विरुद्ध 44. दुप्पट! आणि पेपरात एक ओळ नाही, कारण काळ्यागोऱ्यांनी एकत्र खेळणं गुन्हा होता. मग 1966 च्या मार्चमध्ये टेक्सस वेस्टर्न नावाच्या कॉलेजनं अंतिम सामन्यात पाचही काळी पोरं उतरवली आणि केंटकीच्या सगळ्या गोऱ्या संघाला 72 विरुद्ध 65 हरवलं. त्याच साली ऑक्टोबरात ओकलंडला ब्लॅक पँथर उभी राहिली. मी असं म्हणत नाही की एकामुळं दुसरं झालं. पण एकाच वर्षाच्या हवेत दोन्ही होतं, हे लक्षात ठेवा. ज्यांचं नाव आपल्या पोरांनी 1972 साली मुंबईत घेतलं त्यांच्या गल्ल्यांत बॉल पण होता.

आणि आपल्या गल्लीत नव्हता? नागपाडा कुणाच्या शेजारी आहे? ज्या गोलपिठ्यानं 1972 साली मराठी कवितेच्या थोबाडीत मारली त्याच्या शेजारी. तिथं 1927 पासून मिशनऱ्यांनी चालवलेलं नेबरहूड हाउस, तिथं कोर्ट. दाटीवाटीच्या खोल्यांतली मुसलमान पोरं तिथं खेळली. त्यातलाच अब्बास मुंतसीर भारताचा कप्तान झाला, 1970 साली अर्जुन पुरस्कार घेऊन आला. तिथं कुणी म्हणालं नाही की बास्केटबॉलला डोकं लागतं. रिंग होती, दिवा होता, संध्याकाळ होती. एवढंच लागतं. पोरं मोहल्ल्यात होतीच.

आता आमच्याकडं परत. त्या कागदानंतर आम्ही काय केलं? रडलो पहिल्यांदा, खोटं कशाला बोलू. मग त्या दालदी पोरीनं म्हटलं, “साडेचारलाच जाऊन बसूया ना गो, बघू काय करतात.” दुसऱ्या दिवशी साडेचारला आम्ही सात जणी कोर्टाच्या मधोमध जाऊन बसलो. घोषणा नाही, बोर्ड नाही, घोषणा कशा देतात तेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. मांडी घालून बसलो. मुलं आली. आधी हसली, मग शिट्ट्या, मग शिव्या. एकानं बॉल नेम धरून आमच्या अंगावर आपटला. बॉल मी धरला आणि सोडला नाही. दोन्ही हातांनी पोटाशी. सात नंबरचा असो नाहीतर सतरा.

तेव्हा आमच्या वाडीतला तो पुढं आला. तोच, हसलेला. जयंतीला निळा फेटा बांधून मिरवणुकीत पुढं नाचणारा. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “घरी ये, मग बघतो. वाडीची लाज काढतेस.”

भावांनो, इथं थांबा. इथून पुढं मी सरांशी बोलत नाहीये, तुमच्याशी बोलतेय. वाडीची लाज कशानं जाते? आयेच्या टाळूवरचे केस गेले तेव्हा वाडीची लाज गेली नाही. सरांनी आपल्या लोकांच्या डोक्याचं माप काढलं तेव्हा गेली नाही. बहीण चारचौघांत बॉल धरून बसली की जाते? 1973 च्या पँथरच्या जाहीरनाम्यात दलित कोण याची यादी आहे. त्यात अनुसूचित जाती-जमाती आहेत, बौद्ध आहेत, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी आहेत. आणि स्त्रिया आहेत. छापलेलं आहे. तो जाहीरनामा तुम्ही भाषणात वापरता आणि घरी आल्यावर त्या एका शब्दावर अंगठा ठेवून बाकीचा वाचता. आपल्या वाड्यावाड्यांत चौदा एप्रिलला क्रिकेटच्या स्पर्धा होतात. चषक असतो, रोख बक्षीस असतं, लाउडस्पीकर असतो. वर्गणी घरटी. आयेच्या चिऱ्याच्या पैशातूनपण वर्गणी. आणि पोरींना काय? रांगोळी स्पर्धा. पहिलं बक्षीस स्टीलचा डबा. साला, तुमचा जिमखाना आणि त्यांचा जिमखाना यात फरक काय राहिला? त्यांच्याकडं निदान कागद तरी असतो, मुली येत नाहीत असं लिहिलेला. आपल्याकडं कागदपण नाही.

असो. आम्ही उठलो नाही. साडेपाचची गाडी त्या दिवशी मुद्दाम सोडली. अंधार पडला. प्राचार्य आले, पालकांना बोलवू म्हणाले. बोलवा म्हटलं. माझी आये खाणीवरून तशीच आली, तांबड्या धुळीनं भरलेली, कुणाच्यातरी टेम्पोत बसून. मला वाटलं आता हाणणार. तिनं सरांना विचारलं, “पोरीची फी घेतली हाय का नाय?” सर म्हणाले, घेतलीय. “मग बॉल द्या की.”

माझ्या आयेनं कोर्ट, कायदा, जाहीरनामा काही वाचलेला नाही. संविधानाच्या पंधराव्या कलमात लिहिलंय की सरकारी पैशानं चालणाऱ्या विहिरी, तळी, घाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा कुणालाही धर्म, जात, लिंग या कारणानं नाकारता येणार नाहीत. आयेनं ते कलम दहा शब्दांत सांगितलं.

मंगळवार आणि शुक्रवार मिळाले. सव्वाचार ते सव्वापाच. आठवड्याला दोन तास, धड बाजूची रिंग. तीन आठवडे तेवढ्यावर खेळलो आणि विभागीय सामन्याला गेलो. सात जणी, पाच कोर्टावर, दोघी बाकावर. समोरच्यांचे बूट चुकचुक वाजत होते. आमच्यातल्या दोघींना कॅनव्हासचे बूट पण दुसऱ्यांचे, बोटांत कापड कोंबलेलं. तिथं पहिल्यांदा सहा नंबरचा बॉल हातात आला. काय सांगू! सगळी बोटं त्याच्यावर पुरली. इतके दिवस मी माझ्या हाताला दोष देत होते, की माझाच पंजा आखूड. पहिल्या क्षणाला कळलं की हात बरोबर होता, माप चुकीचं होतं. रडू आलं मॅचमध्येच. मग पाच फाउल झाले आणि मी बाहेर. नऊ विरुद्ध अडतीस असं हरलो. त्या नवातले चार माझे.

पुढच्या वर्षी महिला संघ बंद. कारण, “निकाल नाही.” मुलांचा संघ मी असेपर्यंतच्या तिन्ही वर्षी पहिल्या फेरीत हरला. त्याला निकाल लागत नव्हता? मुलगा हरला की अनुभव मिळतो, मुलगी हरली की खर्च होतो. हे तत्त्व मेरिटवाल्यांनी आम्हाला फार आधीपासून शिकवलंय, एक दलित नापास झाला की सगळी जात नापास.

तुम्हाला अमेरिकेतलंच एक छोटं कॉलेज सांगते, इम्मॅक्युलाटा. ननबायांचं, पोरी गरीबाघरच्या. त्यांची व्यायामशाळा 1967 ला जळाली. 1972 ला राष्ट्रीय स्पर्धेला जायला पैसे नव्हते तर पोरींनी टूथब्रश विकले, तरी आठच जणींच्या तिकिटाचे जमले. आठ जणी गेल्या आणि देशात पहिल्या आल्या. 73 ला आल्या, 74 ला आल्या. पण त्या पोरींना एवढं तरी होतं की कोर्टावर येताना कुणी साडेपाचची गाडी दाखवत नव्हतं. शिवाय त्याच 1972 साली तिथं कायदा झाला, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत बाई म्हणून भेदभाव चालणार नाही असा. तो कायदा वापरून बायकांनी कॉलेजांना कोर्टात खेचलं, मैदान मागितलं, कोच मागितला, बजेट मागितलं. आपल्याकडं कलम 1950 पासून आहे. खेचलं कुणी?

आणि हे नुसतं हौसेचं नाही, हे पोटाचं आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. शाळेत खेळाचे वाढीव गुण आहेत. ते कागद कुठून येतात? मैदानातून. मैदान कुणाचं? ज्याची संध्याकाळ त्याचं. म्हणजे कोर्टावरून हाकललेली पोरगी नुसती खेळातून जात नाही, ती भरतीच्या एका रांगेतूनच जाते आणि तिला ते कळतसुद्धा नाही. वर बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं या राज्यानं पाहिलीयत. जे कधी मैदानावर उतरले नाहीत त्यांच्या खिशात प्रमाणपत्र, आणि ज्यांच्या गुडघ्यावर जांभ्याचे वण आहेत त्यांच्याकडं वण. आमच्या सातातल्या चौघींची लग्नं पदवीच्या आधी झाली. सगळ्यात उंच उडायची ती आता काजूच्या कारखान्यात बी सोलते. तिचे हात बघून घ्या कधीतरी, काजूच्या तेलानं काळे पडलेत. रिबाऊंड घेणारे हात.

2023 च्या मार्चपासून बाईला एसटीत अर्धं तिकीट झालं. चांगलं झालं. पण नसलेल्या गाडीचं अर्धं तिकीट काढून कुठं बसायचं? सरकारला वाटतं आमचा प्रश्न भाड्याचा आहे. आमचा प्रश्न वेळेचा आहे. साडेपाचची गाडी साडेसहाला करा. एवढीच मागणी आहे, हसण्यासारखी छोटी आहे. त्यासाठी डेपोत गेलं की सांगतात वेळापत्रक वरून आलंय. वरून म्हणजे कुठून, ब्रह्मदेवाच्या तोंडातून? एसटीचं वेळापत्रक म्हणजे काय मनुस्मृती आहे, बदलता न यायला? आणि मनुस्मृतीचंपण 25 डिसेंबर 1927 ला महाडात काय झालं ते साहेबांना माहीत असेल.

भाचीच्या फोननंतर मी धोबी तलावला गेले, दुकानात सहा नंबरचा बॉल मागितला. दुकानदारानं विचारलं, मुलासाठी? मी म्हटलं, नाही. बॉल आणि पंप पिशवीत घालून रात्रीच्या गाडीनं रत्नागिरी, तिथून पावस. बापानं आंबे वाहायचा एक जुना हारा काढला, त्याचा तळ कोयत्यानं कापला आणि वाडीच्या मागच्या फणसावर ठोकला. मोजून दहा फूट. पहिल्या दिवशी पोरी नऊ आल्या, दुसऱ्या दिवशी चौदा. वाडीतला तो, आता दोन पोरींचा बाप, लांब उभा राहून बघत होता. त्याची थोरली खेळत होती. तो काही बोलला नाही आणि मीही त्याला काही विचारलं नाही.

डेपोला द्यायचा अर्ज लिहून झालाय. दुसरा अर्ज कॉलेजला, साडेचार ते साडेसहा या वेळेचे दोन समान भाग करा आणि जिमखाना फीतून सहा नंबरचा बॉल घ्या. दोन्हींवर एकवीस सह्या आहेत. पहिली आयेची. तिनं अंगठा उठवलाय, त्याच्या कडेला जांभ्याचा तांबडा डाग पडलाय, तो मी पुसलेला नाही.